सुतकातली टाकी

माझी बायको गुंफा आणि मी मिळून शेवटचं काम काय केलं, तर संत्र्याच्या सालीतून कचरा वेचला. अनसिंगच्या अलीकडं आमच्या गावात बायकांच्या गटाची शेड आहे. तिथं संत्र्याचं सरबत, पेरूची जेली होते आणि साल-चोथ्याचा ढीग मागं साचतो. त्या ढिगापाशी आम्ही दोघं पोतं टाकून बसलो होतो. सालीत कधी सुतळी निघते, कधी गुटख्याची पुडी. एक पुडी माझ्या नजरेतून सुटली तशी म्हणाली, "डोये कुठी ठेवून आले तुमी? यीस्टले गुटखा चारता काय?" मी म्हटलं, "अर्ध्या गावाले पचते, त्याले बी पचन." ती हसली नाही. माझ्या बोलण्यावर ती क्वचितच हसायची. संध्याकाळी तिनं साल आंबवायची टाकी लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी छातीत कळ आली आणि वाशिमच्या रस्त्यावर, ऑटोतच... संपलं.

आता महिना होत आला. या महिन्यात माझ्या ओसरीवर बसून लोक जे बोलले ते मला पचलेलं नाही. 'देवमाणूस होती', 'गावाचं नाव काढलं'. याच तोंडांनी तिला भट्टीवाली म्हटलं होतं. मेलेल्या माणसाला चांगलं म्हणायला काही लागत नाही, चहा तर शेजारी देतातच.

गुंफानं उमेदीच्या वयात गावातल्या बायका घेऊन दारूची मडकी मुसळानं फोडली होती. कॉलेजचे सर शेडवर आले आणि सालीपासून इथेनॉल निघतं म्हणाले, तेव्हा म्हणूनच ही त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "सर, म्हातारपणी मले दारू गाळाले लावता काय?" सर भले माणूस. त्यांनी बसून समजावलं. साल दळायची, एन्झाइम टाकायचं, ते चोथ्यातली साखर मोकळी करतं. मग यीस्ट ती साखर खातं आणि त्याचं स्पिरिट होतं. ते गाळून शेडच्या शेगडीत जाळायचं, म्हणजे साल सडत नाही आणि सरबताला गॅस लागत नाही. सरकारची परवानगी त्यांनीच आणली. कोणी पिऊ नये म्हणून गाळलेल्या स्पिरिटमध्ये कडू औषध मिसळायचं, तेही तेच देत. एवढं ऐकून ती कबूल झाली.

पहिली टाकी मेली. बुडबुडाच येईना. गुंफानं टाकीची पूजा करून चिमूटभर कुंकू आत सोडलं होतं. बायका म्हणाल्या, कुंकवानंच घात केला. सर म्हणाले, कुंकवानं नाही बाई, सालीच्या तेलानं यीस्ट मेलं. तेव्हापासून ती सालीला आधी वाफ देऊन तेल उडवायची आणि कुंकू टाकीच्या बाहेरून लावायची. दोन्ही गोष्टी तिनं शेवटपर्यंत सोडल्या नाहीत.

तिचा सख्खा भाऊ दादाराव. हा रिसोडला जाऊन प्यायचा आणि इथं येऊन बहिणीला म्हणायचा, "बाई, घराण्याची इज्जत घालवली तुनं." एकदा चोरून शेडमधला घोट घेतला आणि दिवसभर कुत्र्यासारखा थुंकत फिरला. गुंफा त्याला म्हणाली, "पी न अजून. इज्जत भरून आण." पुढं त्यानं माळ घातली. दारू सुटली, जिभेची खोड तेवढी सुटली नाही.

गुंफाला अग्नी देऊन आलो. माणसं अजून अंग धुवत होती, तेवढ्यात दादारावनं सगळ्यांसमोर विषय काढला. "भाऊजी, थे टाकी नाल्यात सोडून द्या. बाई गेली, तिच्या मागं सुतकात दारू कायले आंबवता?" म्हातारे माना डोलवू लागले. गटातल्या बायकांकडं पाहिलं तर त्या पदर सावरत म्हणाल्या, सुतकातल्या वस्तूला हात कसा लावावा. आदल्या दिवशीपर्यंत याच बायका तिच्या हाताखाली साल दळत होत्या. मी अंगावर पाणी घेत राहिलो. पण एक समजत होतो, ही टाकी नाल्यात गेली की गुंफा या गावात कायमची भट्टीवाली झाली. मग पुन्हा त्या टाकीत साल टाकायला कोणी येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडवर गेलो. दादाराव माझ्या आधी पोचला होता. टाकीचं झाकण उघडं आणि त्याच्या हातात तांब्याभर गोमूत्र.

"हे काय चाललं?"

"नाल्यात सोडाचं नसन, तर शुद्ध तरी करू द्या."

"तिनं मुसळ घेतलं तवा तू कुठी होता?"

तेव्हा तो कुठं होता ते त्यालाही माहीत, मलाही.

तांब्या त्याच्या हातातून घेतला, बाहेर पेरूच्या बुडाशी ओतला. साबणानं हात धुतले, झाकण लावलं. झाकणातून निघालेली नळी पाण्याच्या बाटलीत सोडलेली असते. थोड्या वेळानं तिच्यातून बुडबुडा आला... मग दुसरा. दादाराव म्हणाला, "सुतकात हात लावला तुमी." मी म्हटलं, "लावला. जाय, गावात सांग."

त्यानं सांगितलं. घरून निरोप आला, भेटायला माणसं येऊन बसली आहेत, लवकर या. मी म्हटलं, बसू द्या. पोतं पसरलं आणि ढिगातली साल वेचायला घेतली.