पायाळूचा पाय

मी पायाळू. जन्मताना आधी पाय बाहेर आले, म्हणून मुलुंडच्या आमच्या चाळीत कुणाला उसण भरली की तो सकाळी माझ्या दारात हजर. पाठीला तीनदा पाय लावायचा, माणूस सरळ होऊन जायचा. हातगाडीवर भांडी विकून मी दुकान उभं केलं, पण चाळीत ओळख पायाचीच राहिली.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. तेव्हा माझं सुताराशी वाजलं होतं. दिवाळीत त्याने स्वयंपाकघरातली कुजकी फळी काढून नवी ठोकली आणि होळीपर्यंत फळीवरचा पोह्यांचा डबा आईच्या हाताला येईनासा झाला. मी त्याला बोलावून झापलं. त्याने शांतपणे भिंत दाखवली. नवे खिळे जुन्याच भोकांत होते.

"फळी जागेवरच आहे, शेठ. तुमची आई खाली आलीय."

"माझ्या आईची मापं काढतोस? चल, नीघ!"

पुढे महिन्याभराने आईने मोरीतली भरलेली बादली उचलली आणि तिथेच भिंतीला धरून उभी राहिली. "भरली रे उसण. ये, पाय लाव."

मला दुकान उघडायचं होतं. ती चटईवर पालथी झोपली. दोनदा मी हलकेच पाय टेकवला.

"भांडताना बरा जोर येतो तुला," ती म्हणाली.

तिसऱ्यांदा मी भार दिला. ती ओरडली नाही. नुसता श्वास अडकला, आणि मग तिला कुशीवर वळता येईना.

गल्लीतल्या डॉक्टरवर माझा राग अजून आहे. "वय झालं, चालायचंच," म्हणत त्याने महिनाभर वेदनेच्या गोळ्या दिल्या. आई दिवसेंदिवस वाकत गेली. शेवटी त्याच्याशी भांडून मी तिला घाटकोपरला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी एक्स-रे खिडकीसमोर धरला.

"मणके विटेसारखे चौकोनी दिसायला हवेत. हे तीन पुढून चेपलेत. यातले दोन जुने आहेत. पाळी गेल्यावर हाडं आतून विरळ होत जातात. कधी दुखतही नाही, नुसती उंची कमी होते. तेव्हाच दाखवायचं."

मला भिंतीतली भोकं आठवली.

"आणि हा तिसरा ताजा. आजी, पडलात? कुणी पाठ दाबली?"

मी पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

"बादली उचलली," आई म्हणाली. "तेवढंच." तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

पट्टा, कॅल्शियम, दूध, नाचणी, गॅलरीतलं सकाळचं ऊन, रोज थोडं चालणं. वाकायचं नाही, उचलायचं नाही. "तुमच्या बायकोनेही आतापासून हाडं सांभाळायला हवीत," डॉक्टर मला म्हणाले. घरात तेव्हापासून आई शिंकली तरी मी हातातलं टाकून तिच्याकडे धावायचो. मोरीत बादली वाजली की मी जेवणावरून उठायचो.

आठवड्याने मी एकटाच डॉक्टरांकडे गेलो आणि काय केलं ते सांगितलं. "तो मणका माझ्या पायाने मोडला का?"

"किती जोर दिला होता?"

नुसत्या हाताने पातेल्याचं वजन सांगणारा मी. स्वतःच्या पायाचं सांगता येईना.

"बादलीनेही मोडला असेल."

"असेल नको. नक्की सांगा."

"नक्की कुणालाच सांगता येणार नाही."

आयुष्यात पहिल्या शब्दावर मी कधी सौदा केला नाही. तिथे चारदा विचारलं. ते तसूभर हलले नाहीत.

त्यानंतर कुणाच्या पाठीला पाय लावला नाही. एक्स-रे काढा म्हणायचो. दुकान वाढलं, माज चढला, असं चाळीत बोलत. बोलू दिलं. सुताराला मात्र स्वतः जाऊन घेऊन आलो. त्याने गेल्या वेळचं काही काढलं नाही. आईला उभं करून, तिचा हात पोचेल तिथे खूण केली आणि फळी वीतभर खाली ठोकली.

दुकानाला निघताना मी रोज उंबऱ्यात थांबायचो. आई डब्याकडे हात न्यायची. बोटं झाकणाला टेकली की चपला घालायचो.