केरा उर्फ विमल

शिरूरच्या कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहायला बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. रानातून आल्यावर लुगड्याला कुसळं चिकटलेली असतात, तसे ते घरी येतात. झटकले तरी दोन-चार राहतातच. स्टॅम्पवाल्या भाऊसाहेबांच्या पत्र्याच्या शेडमध्ये, कोपऱ्यात माझं लोखंडी टेबल होतं. तिथं मी वीस-बावीस वर्षं काढली. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद आणि पोराची पाटी, एवढ्यावर लिहायला शिकले. तरी माझ्या हातचा अर्ज साहेबानं कधी परत पाठवला नाही. हे मीच सांगते, कारण दुसरं कोण सांगणार?

रेशनकार्ड असो, मतदाराचं ओळखपत्र असो, पहिला रकाना नावाचा. वय लोक अंदाजानं सांगतात. पत्ता घडाघडा म्हणतात. पण "नाव काय?" विचारलं की बरीच माणसं थांबतात. सगळ्यात जास्त वेळ कोण थांबत असेल, तर मीच. म्हणून आधी माझंच सांगून टाकते.

*

माझं माहेर दौंड तालुक्यातलं राहू. दादाच्या पाठची दोन पोरं आईची गेली. मग मी झाले. अशा वेळी तेव्हा एक रीत होती. बाळाला सुपात घालून केराच्या ढिगावर ठेवायचं, शेजारणीनं ते उचलायचं आणि "बाई, केरात सापडलं, तुला हवंय का?" म्हणून आईला परत द्यायचं. टाकलेल्या वस्तूवर मृत्यूची नजर जात नाही, असा हिशेब. म्हणून माझं नाव केरा. पोरी चिडवायच्या. मी आईला म्हणायचे, "दुसरं काय सुचलं न्हाई का तुला?" आई म्हणायची, "जगलीस न्हवं?"

चौदाव्या वर्षी लग्न झालं. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यावर काहीतरी लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. माझं नाव काय ठेवलं ते मी शेजारी बसलेल्या नणंदेला विचारलं. ती म्हणाली, "विमल."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? पुढं लिहायला शिकले तेव्हा पाटीवर पहिला शब्द काढला तो हाच. केरा मी कधी लिहिलंच नाही. लिहिता येत नव्हतं तेव्हा केरा होते, आणि लिहिता यायला लागलं तेव्हा विमल.

*

आई गेली, बाप गेला, मैतरणी पांगल्या. केरा म्हणणारा एकटा दादा उरला. भाऊसाहेबांनी शेडमध्ये फोन बसवून घेतला, तेव्हा मी दादाला तो नंबर पाठवला. राहूत एका दुकानात एस.टी.डी. सुरू झाली होती.

एका सोमवारी मी अर्ज लिहीत होते. भाऊसाहेबांनी फोन उचलला, "नाही हो, अशी कुणी नाही इथं," म्हणाले आणि ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा मला म्हणाले, "विमलताई, एक म्हातारा भलताच तापट दिसतोय. केराबाईला द्या म्हणतो. राँग नंबर आहे म्हटलं, तर मलाच शिव्या देतोय."

मी पेन टाकलं आणि फोन हिसकावला.

"केरे," दादा पलीकडून ओरडला, "तुला त्यांनी कामावरनं काढली का काय?"

त्या दिवशी भाऊसाहेबांना माझं खरं नाव कळलं. बोलावलं मात्र त्यांनी विमलताईच. सवय.

*

आमच्याच पेठेतला दगडू. रस्त्याच्या कामावर मुकादम होता, रिटायर झालेला. बौद्ध वस्तीत त्याचा शब्द चालायचा. त्याचा मुलगा बँकेत लागला, लग्न ठरलं, आणि पत्रिकेत बापाचं नाव दगडू नको म्हणून हट्ट धरून बसला. गॅझेटात नाव बदलून घ्यायचं म्हणून बापलेक माझ्यापुढं आले.

मी जुनं नाव लिहिलं. "नवीन काय?" विचारलं.

मुलगा दोन-चार नावं सांगायला लागला. दगडू त्याला हातानं गप्प करून म्हणाला, "ताई, माझ्या बापानं माझं चांगलं नाव ठेवलं हुतं. पण गावच्या पाटलाला ते खपलं न्हाई. म्हणला, तुमच्यात दगडू-धोंडूच बरं. मग भाईर दगडू, आन् घरात दार लावून बाप त्या नावानं हाक मारायचा."

 मुलाला हे पहिल्यांदाच कळत होतं. मी म्हटलं, "मग तेच लिहू या. सांगा."

दगडूनं माझ्यापुढचा अर्ज बाजूला सारला. म्हणाला, "न्हाई. ते दार लावून दिलेलं हाय."

उठला आणि गेला. पत्रिकेत मुलानं बापाच्या नावाच्या जागी नुसती इंग्रजी आद्याक्षरं छापली. मी अर्ज फाडला नाही, बरेच दिवस तसाच ठेवला होता. नवीन नावाचा रकाना मोकळा.

*

नकुसा नर्सबाई माझ्या गल्लीत राहायची. तिसरी मुलगी, म्हणून नकुसा. पुढं त्या घरात शिकली ती एकटी, नोकरीला लागली ती एकटी, आणि थोरल्या दोघी सासरी गेल्यावर आईबापाला सांभाळलं तेही तिनंच.

एके दिवशी तिचा म्हातारा काठी टेकत शेडमध्ये आला. नाव बदलायचा अर्ज हवा म्हणाला. नवीन नाव कागदावर कुणाकडून तरी लिहून आणलं होतं, भाग्यश्री. डोळ्यांत पाणी. "लई चूक झाली बाई," म्हणाला. मी अर्ज लिहिला, फुलीची खूण केली, "इथं तिची सही आणा," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जाताना नकुसा तो अर्ज मला परत देऊन गेली. सहीची जागा कोरी.

मी म्हटलं, "अगं, बाप रडत होता. कर की सही."

ती म्हणाली, "मावशी, पाणी हवं झालं, गोळी हवी झाली, की दोघं दिवसातनं वीस वेळा मला हाक मारतात. मारू देत की त्याच नावानं."

मी भांडायला तयार बसलेली बाई. पण त्या पोरीच्या देखत मी अर्जाची घडी घातली आणि खणात ठेवला.

*

तळेगाव ढमढेऱ्याचे एक आप्पा. बागायतदार, सोसायटीवर वजन. मुलगा परदेशात, त्यानं दोघांना बोलावलेलं, म्हणून पासपोर्टचा फॉर्म भरायला आले. वहिनी जरा लांब, बाकावर बसलेल्या.

फॉर्मात एक प्रश्न असा की, पूर्वी दुसऱ्या नावानं ओळखले जात होता का? मी विचारलं, "आप्पा, वहिनींचं जन्माचं नाव काय?"

"मंगल."

"ते लग्नानंतरचं. जन्माचं?"

आप्पा विचारात पडले. चाळीस वर्षांचा संसार, पण आठवेना. "असंल की काहीतरी," म्हणाले. मग मी वहिनींकडंच वळले.

"यमुना," त्या म्हणाल्या. आप्पांना एकदम आठवलं. "व्हय की, यमुनाच. मीच बदललं."

"का बदललं?"

आप्पा खिशात पासपोर्टचे फोटो शोधायला लागले. वहिनीच उठून टेबलाशी आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांची पहिली मालकीण मंगल. बाळंतपणात गेली. घरातल्या समद्यांच्या तोंडात तिचंच नाव बसलं हुतं."

मी फॉर्म पुढं ओढला. विचारलं, "मग नाव बदलण्याचं कारण काय लिहू?"

वहिनी म्हणाल्या, "लिव्हा, सोयीसाठी."

*

हे असं रोज ऐकल्यावर माझ्या पोराच्या लग्नात मी काय केलं असेल? भटजींनी तांदळाचं ताट पुढं आणलं. मी ते उचललं आणि सरळ आचाऱ्याकडं नेलं. म्हटलं, "हे भातात टाका. माझ्या सुनेचं नाव तिच्या आईबापानं ठेवलंय, तेच राहील."  मला वाटलं, मी गड घेतला.

सुनेचं नाव ठकुबाई. आजीवरून ठेवलेलं. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "आई, मी नाव ठरवून ठेवलं होतं. स्नेहल. लग्नात हे नाव सुटणार म्हणून सातवीपासून वाट बघत होते. मला एकदा विचारायचं तरी."

मी म्हटलं, "अगं, नाव गेलं की कळतं."

"तुमचं गेलं म्हणून मी माझं सांभाळायचं का?"

बरोबर होतं तिचं. मीही चौदाव्या वर्षी खूश झालेच होते की. ते दोघं चिंचवडला राहतात. तिथं सगळे तिला स्नेहलच म्हणतात. सणाला येतात, चार वाजले की गाडीची वेळ झाली म्हणतात.

*

दादा गेला. राहूला दिवस घालून परत आले, कुलूप काढलं आणि मग ध्यानात आलं. आता मला केरा म्हणणारं कुणी नाही. मालक आधीच गेलेले. दोन खोल्या, मी एकटी. एकदा मोठ्यानं "केरे" म्हणूनही बघितलं. आपणच हाक मारायची आणि आपणच ओ द्यायची, हे काही जमलं नाही.

पाच-सहा महिन्यांनी भाचा आला. जमिनीच्या जुन्या कागदावर माझ्या बापाच्या वारसांत माझं नाव होतं, तिथं हक्क सोडल्याचं लिहून हवं होतं. मला जमीन नकोच होती. पण भाच्यानं आणलेला उतारा मी बघितला आणि बघतच राहिले. कुण्या जुन्या तलाठ्याच्या बारीक अक्षरात, केरा. छापील नव्हे, कुणीतरी हातानं लिहिलेली.

भाच्यानं मजकूर टाइप करून आणला होता, 'विमल उर्फ केरा'. मी म्हटलं, "उलटं कर. केरा उर्फ विमल. आणि सही मी केरा म्हणून करणार."

"आत्या, काय फरक पडतो?"

"तुला पडत नाही. मला पडतो."

राहूला गेले. तलाठी तरुण होता, अदबीनं बोलणारा. म्हणाला, "आजी, तुमची सगळी कागदपत्रं विमल नावाची. विमल आणि केरा एकच, हे सांगणारं गावातलं माणूस हवं." हे मी हजार वेळा लोकांना सांगितलेलं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून, असं सुरू होणारं प्रतिज्ञापत्र मला पाठ. शिरूरमध्ये मी कुणालाही साक्षीदार मिळवून दिला असता. राहूत मला मिळेना. भाचा आत्या म्हणतो, त्याची बायको आत्याबाई म्हणते, गावाला मी शिरूरची आत्या म्हणून ठाऊक. आळीतलं एकेक दार विचारत गेलो. जे केराला ओळखायचे, ते फोटोत गेलेले.

मग भाच्याला आठवण झाली, आमच्या जुन्या शेजारची सरूकाकू अजून आहे, आता मळ्यात लेकाकडं असते. नव्वदीला टेकलेली, डोळ्यांनी कमी दिसतं, पण जुनं बोलते. तलाठी चांगला, कागद घेऊन तिच्या ओट्यावर आला. काकू भिंतीला टेकून बसलेली. मी तिच्यापुढं बसले, तिचे दोन्ही हात हातात घेतले.

तलाठ्यानं कानाशी विचारलं, "आजी, केराला ओळखता का?"

काकूचा चेहरा उजळला. "तर! केरीला वळखत न्हाई व्हय? मीच तर तिला केरातनं उचललीया. सुपासकट. एवढा पाऊस, आन् ही रडती कशी."

 भाचा माझ्याकडं बघून हसला. तलाठ्यानं पेन काढलं. "मग आजी, ह्या समोर बसल्यात त्या कोण, ते सांगा. ह्याच केरा ना?"

काकूनं माझे हात सोडले. माझ्या तोंडावरून बोटं फिरवली, कपाळावरून, गालावरून, हनुवटीपर्यंत. पुन्हा एकदा वरून खाली. मग मान हलवली.

"न्हाई. ही म्हातारी हाय. केरा बारकी हाय." तिनं जमिनीपासून हात वर धरून दाखवला. एवढीशी.

 तलाठ्यानं पेनाला टोपण लावलं. मी उठायला लागले, तसं काकूनं माझ्या लुगड्याचा पदर धरला.

"बाई, तुम्ही त्या अंगाला चालला असाल, तर केरा दिसली तर घरी लावून द्या. तिची आई कवाधरनं हाका मारतीया."

"देते," मी म्हटलं.