सेक्रेटरी आईकडे राहायला गेले

आमच्या ह्यांना सेक्रेटरी कुणी केलं म्हणाल, तर कुणीच नाही. सभेला पोहोचायला हे जरा उशीर करतात काय आणि तोवर बाकीच्यांनी अंग काढून घेतलेलं असतं काय! चष्म्याचं दुकान लेकीच्या हाती सोपवून नुकताच घरी बसलेला माणूस, त्यात स्वभावाने गरीब गाय. आयताच सापडला.

तेव्हापासून ह्यांचा एकच धोशा: इमारतींची तपासणी करून घेऊ, दुरुस्तीसाठी दरमहा थोडं बाजूला टाकू. पण आमच्या सोसायटीची एक रीत आहे आणि तिचा सगळ्यांना भारी अभिमान. मतदान करायचं नाही, जे होईल ते एकमताने. एकाने "नको" म्हटलं की विषय बंद आणि चहा सुरू. दुरुस्ती निधीचा विषय दरवर्षी असाच चहात बुडाला. जे काही जमलं होतं, त्यातून दर्शनी भिंतीला रंग काढला. त्याला मात्र एकाचीही ना नव्हती.

यंदा ह्यांनी हट्टाने इंजिनिअर आणला. त्याने पुढच्या इमारतीचा तळाचा खांब हातोडीने ठोकला, तसा गिलावा धपकन खाली आला आणि आतल्या सळ्या उघड्या पडल्या, गंजून पापुद्रे सुटलेल्या. बडा घर पोकळ वासा, ही म्हण मी आजवर लोकांच्या घरांना लावत आले होते.

"टेकू लगेच लावा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका," तो म्हणाला. "आधी माणसं बाहेर काढा. दुरुस्ती मग."

त्या खांबाच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर, माझ्या सासूबाई एकट्या राहतात. आम्ही मागच्या इमारतीत.

हे दारोदार फिरले, हात जोडले, वेळेला ओरडले. दुसऱ्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या बाईंनी मशीन दोरीने बांधली. त्यांच्या वरचे बँकवाले खोकी घेऊन आले. सासूबाई तेवढ्या हलेनात.

"एकदा बाहेर पडलं की घर परत मिळत नाही, बाळा. पाहिलंय मी."

"अगं आई, आमच्याकडे ये. मागेच तर आहे."

"सुनेच्या स्वयंपाकघरात? नको."

झालं, विषय बंद! नगरपालिकेला कळवलं होतं, पण त्यांचा माणूस अजून यायचा होता. हे घरी येऊन भिंतीकडे तोंड करून रडले. इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

सकाळी हे सतरंजी आणि उशी काखोटीला मारून आईकडे गेले. "तू येत नाहीस ना? मग मीही इथेच राहतो. पडलं तर दोघांवर पडेल." पोटचा गोळा त्या छताखाली पाहिला की म्हातारी उठेलच, असा ह्यांचा हिशेब.

म्हातारी उठली, ती ह्यांच्यासाठी पलंग झटकायला.

तेवढ्यात शिलाईवाल्या बाई जिन्यावरून डोकावल्या. सतरंजी पाहून त्यांचा चेहरा खुलला. "सेक्रेटरीच राहायला आलेत? मग काही भीती नाही." त्यांनी वर जाऊन मशीनची दोरी सोडली. दुपारपर्यंत बँकवाल्यांची खोकी रिकामी झाली आणि दोऱ्यांवर कपडे वाळायला लागले.

हे पुन्हा दारोदार धावले. "अहो, मी आईसाठी आलोय! खांब तसाच आहे!"

"हो हो, आईसाठीच," लोक हसून म्हणाले. "असा मुलगा मिळायला भाग्य लागतं."

मी जिन्यात ह्यांचा हात धरला. "अहो, चला घरी. तुम्ही निघालात तर ही माणसं तरी निघतील."

"आणि आई?"

मी हात आणखी घट्ट धरला.

आतून सासूबाईंची हाक आली. इतका आनंदी आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "बाळा, ये ना आत. किती वर्षांनी माझ्या घरी राहायला आलास!"

ह्यांनी माझा हात सोडवला आणि हे आत गेले.