बोट ठेवलं तिथं सही

स्टेजवर माझ्या खांद्यावर शाल घातली, एका हातात नारळ दिला, दुसऱ्या हातात नुकसानभरपाईचा चेक. टाळ्या वाजल्या. चाकणची आमची कंपनी बंद होत होती आणि कामावरून काढलेल्यांचा सत्कार चालला होता. सत्कार! पायऱ्या उतरले तर खाली आमच्या कामगार पतसंस्थेचे मॅनेजर हात पुढं करून उभे.

"आण इकडं. कर्जबाजारी माणसाकडं चेक टिकत नसतो. नारळ राहू दे तुला."

पुढच्या रांगेतले साहेब लोक हसले. माझी मुलगी मोबाइलवर फोटो काढत होती. मी चेक दिला. कुणी हिसकावला नाही, मीच दिला.

कर्ज नवऱ्याच्या डायलिसिससाठी काढलं होतं. नवरा गेला, कर्ज राहिलं. हप्ते थकले तेव्हा पतसंस्थेनं नवा करार केला, दरमहा ठरलेला हप्ता. मॅनेजर बोट ठेवतील तिथं मी सही केली. आम्ही लाइनवरच्या सगळ्याच बाया तशा सह्या करायचो. वाचत बसलं तर साहेबांना राग येईल, ही भीती. त्यानंतर एकही हप्ता चुकवला नाही. घरात भाजी नसायची, पण हप्ता जायचा.

दुसऱ्या दिवशी पतसंस्थेत बोलावलं. चेक माझ्या नावाचा, सगळी रक्कम कर्जात वळवायला माझी सही हवी होती. मॅनेजरनी कागद सरकवला, बोट ठेवलं.

"इथं कर."

पेन घेतला आणि हात थांबला. सतरा वर्षं मी तपासणीच्या टेबलापाशी उभी राहिले. मापाचं गेज लावल्याशिवाय एक पार्ट पुढं सोडला नाही. साहेब डोक्यावर येऊन ओरडले तरी नाही. लोकांच्या गाड्यांचे नट तपासले आणि माझ्या स्वतःच्या कागदावर साधी नजर टाकली नाही. मला रडू आलं. तिथंच, त्यांच्यासमोर.

"मला आधी करार वाचायचाय."

"आजवर कधी वाचलास?"

"नाही वाचला. म्हणून तर ही पाळी आली."

वाचला. बोट फिरवत, ओळ न् ओळ. दरमहा हप्ता द्यावा. नोकरी गेल्यास लेखी कळवावं. नुकसानभरपाईचा एक शब्द नव्हता. आणि समोरच्या नव्या कागदावर लिहिलेलं, 'सर्व रक्कम स्वखुशीने देत आहे.' माझी खुशी! त्या रकमेत मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं, खोलीचं भाडं होतं, दुसरं काम मिळेपर्यंतची भाकरी होती.

पेन खाली ठेवला. "नोकरी गेल्याचं आत्ता लिहून देते, पोच द्या. हप्ता तारखेला येईल. माझा चेक द्या."

"तुम्हा लोकांना उपकाराची जाणच नसते," म्हणत त्यांनी चेक टेबलावर फेकला. मी उचलला.

बाहेर बाकावर माझ्याच लाइनवरच्या शोभाताई बसल्या होत्या. तशाच कागदावर त्यांची सही सकाळीच झाली होती. माझ्या हातातला चेक बघून त्यांनी मान खाली घातली. मला आनंद झालाच नाही.

आता जवळच्याच निघोज्यात एका मेसमध्ये पोळ्या लाटते. हप्ता तारखेला जातो. मुलगी तो फोटो पुसायला निघाली होती, मी पुसू दिला नाही. त्यात चेक देणारा माझा हात दिसतो. घेतलेलं मी फेडीन, शेवटच्या रुपयापर्यंत. पण कागदावर कुणाचं बोट आलं, की आधी ते बोट उचलायला सांगीन.