आईनं पाहिलेला जपानी सिनेमा

वर्ष सरत आलं की आवडलेल्या सिनेमांची यादी करायची माझी जुनी सवय. यंदा एक कोरियन, एक इराणी आणि दोन मराठी नावं लिहून झाली आणि अकोल्यातली एक दुपार आठवली. सिनेमाचं वेड मला आईनं लावलं, पण ऐकू येईनासं झाल्यापासून ती टीव्हीकडे पाठ करून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसायची. त्या रविवारी मी अमरावतीहून आले, लॅपटॉपवर जपानी सिनेमा लावला आणि तिला हाताला धरून शेजारी बसवलं. "मले काय समजते त्यातलं?" ती कुरकुरली. मी आवाज बंद केला, खालच्या इंग्रजी ओळींवर टॉवेल टाकला आणि आम्ही दोघी सारख्याच झालो. पडद्यावर एक म्हातारा भेटायला आलेल्या मुलीसोबत जेवत होता, एकेक घास कितीतरी वेळ चावत. "जेवण झालं का पोरगी निघून जाईन, म्हणून हळू जेवून राहिला थो," आई म्हणाली. मी निघताना तिनं बजावलं, "पुढच्या रविवारी असाच एक आन." मी मान हलवली. पुढच्या रविवारी कॉलेजचे पेपर तपासायचे होते, त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे आले, आणि होळीच्या आधी ती गेली. आता सिनेमा संपला तरी मी लगेच उठत नाही. ती काय म्हणाली असती, ते सुचेपर्यंत अंधारात बसून राहते.