बहुधा सरांचं एक ठाम वाक्य

आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांना मुलं 'बहुधा सर' म्हणायची. तोंडावर नाही, पण सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. मी गणित शिकवायचे. माझ्या विषयात उत्तर बरोबर असतं नाहीतर चूक, त्यामुळे त्यांचं नि माझं जमणं तसं अवघडच. 'सर, आज शाळा लवकर सुटणार का?' असं विचारलं की म्हणणार, 'सुटेलही कदाचित, बाई.' अहो, सुट्टीची नोटीस तुमच्याच हातात आहे ना! माझे कान किटले होते. त्यात राहायला आम्ही दारासमोर दार, म्हणजे घरी आल्यावरही सुटका नाही.

पण त्यांचा तास मी चोरून ऐकायचे, हे कबूल करते. इंग्रजी वाक्यात खात्री किती आहे ते सांगायला क्रियापदाच्या मदतीला दोन शब्द जोडीनं येतात. ती जोडी ते वर्गात नाही, शाळेच्या जिन्यावर शिकवायचे. सगळ्यात खालची पायरी 'माइट पॉसिबली', म्हणजे झालं तर झालं. त्याच्या वर 'मे वेल', म्हणजे होण्यासारखं आहे. मग 'विल प्रॉबेबली', म्हणजे बहुधा होईल, आणि अगदी वर 'विल सर्टनली', म्हणजे होणारच. सर एक वाक्य द्यायचे, मुलानं आपल्या पायरीवर जाऊन उभं राहायचं. मग प्रश्न यायचा, 'इथं उभं राहायचा हक्क तुला कुणी दिला?' कारण सांगता आलं नाही की उतर खाली. कुणी 'मस्ट पऱ्हॅप्स', म्हणजे 'नक्कीच कदाचित' म्हणालं, तर त्याला एक पाय वरच्या पायरीवर नि एक तळाच्या पायरीवर ठेवून चालायला लावायचे. जिना हसून दणाणायचा. 'प्रॉबेबली' हा शब्द 'विल'च्या नंतर येतो, पण 'वोन्ट'च्या मात्र आधी येऊन बसतो. 'नकार द्यायचा असला की माणूस आधी घसा खाकरतो, तसं समजा,' असं सर सांगायचे.

त्या जिन्यावर एक मुलगा कधीच पायरी चुकला नाही. सरांचा फार जीव त्याच्यावर. तो पुढे डॉक्टर झाला.

सरांच्या बायकोला मी वहिनी म्हणायचे. ती सडेतोड बाई. 'लग्नाला होकार देताना हे काय म्हणाले माहीत आहे? हरकत नसावी!' असं सांगून ती पोट धरून हसायची. सरही हसायचे. त्यांना एकच मुलगी, ती दूरदेशी शिकायला गेलेली. वहिनीचं दुखणं निघालं तेव्हा लेकीची शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती. तिला येणं जमणार होतं ते एकदाच. म्हणून तिनं फोनवर वडिलांना विचारलं, 'बाबा, आडपडदा न ठेवता सांगा. आत्ता निघू की परीक्षा आटोपून येऊ?'

सर म्हणाले, 'डॉक्टरांना विचारून सांगतो, बाळ.'

डॉक्टर म्हणजे तोच मुलगा. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मी सरांच्या शेजारी उभी होते. जुन्या विद्यार्थ्यांनी आपल्याशी इंग्रजीतच बोलायचं हा सरांचा दंडक. सरांनी सरळ विचारलं. डॉक्टरनं आधी खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं आणि म्हणाला, 'शी मे वेल पुल थ्रू, सर.' वहिनी यातून उठण्यासारखी आहे, असा त्याचा अर्थ. सरांच्या चेहऱ्यावर मी कितीतरी दिवसांनी रंग पाहिला.

मला त्या पोराचं तोंड बघून धडकी भरली होती. मी म्हटलं, 'सर, बोलावून घ्या मुलीला. उगाच जिवाला घोर नको.'

'बाई, दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी बोलावलंच असतं,' सर म्हणाले. 'पण हा पायरी चुकत नाही.'

त्यांनी लेकीला कळवलं, परीक्षा देऊन ये. तिचा शेवटचा पेपर व्हायच्या आधीच वहिनी गेली. शुद्धीत होती तोवर दाराकडे बघत होती, आणि प्रत्येक वेळी आत यायची ती नर्स.

डॉक्टर घरी आला. दारातच सरांच्या पायाशी बसला आणि मराठीत रडत रडत म्हणाला, 'सर, मला माहीत होतं. हाती काहीच उरलं नव्हतं. इतरांना सांगतो मी, रोज सांगतो. तुमच्यासमोर जीभच रेटेना.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग विचारलं, 'जेवलास का?'

शेवटचा पेपर उरकून दोन दिवसांनी लेक आली. आईच्या खाटेवरची गादी आम्ही गुंडाळून ठेवली होती, ती तिनं पुन्हा पसरली आणि तिच्यावर बसून विचारलं, 'बाबा, डॉक्टर काय म्हणाले होते? खरं सांगा.'

सर उभे होते. म्हणाले, 'त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. आई वाचणार नाही हे मला माहीत होतं. मीच तुला बोलावलं नाही.'

कदाचित नाही, बहुधा नाही. इतकं ठाम वाक्य त्यांच्या तोंडून मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि ते धडधडीत खोटं होतं.

'का?' लेकीनं विचारलं.

'तुझी परीक्षा होती.'

तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की मीच मान खाली घातली. मी बोलायला तोंड उघडलं, तोच सर म्हणाले, 'बाई, चहा टाकता जरा?' आणि माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आले.

'सर, हे काय चालवलंय? ती तुमची लेक आहे!'

'म्हणूनच तर,' ते हळू म्हणाले. 'ती रागावली तरी माझीच राहील. तिनं जाऊन त्याला जाब विचारला, तर तो पोरगा उद्या कुठल्याच रोग्यासमोर उभा राहू शकणार नाही. तुम्ही बोलणार नाही, बाई. शब्द द्या.'

मी शब्द दिला. कशाला दिला, देव जाणे. चहा उतू गेला.

लेक परत गेली ती वडिलांच्या पाया न पडता. परीक्षेत पहिली आली, हेही आम्हाला तिसऱ्याकडून कळलं. आता ती फोन करते तो मला. 'मावशी, ते जेवतात ना? औषध घेतात ना?' 'बाबा' हा शब्द ती उच्चारत नाही. तिच्या फोनच्या दिवशी सर सकाळपासून माझ्या घरी येऊन बसतात, समोर वर्तमानपत्र धरून. एकदा न राहवून मी फोन त्यांच्या हातात कोंबला. त्यांनी तो कानाला लावला. पलीकडून ती, 'हॅलो, मावशी? हॅलो?' म्हणत होती. सर ऐकत राहिले, आणि ती फोन ठेवेपर्यंत त्यांनी तो कानापासून हलवला नाही.

'सर्दी झालीय तिला,' ते म्हणाले.