रेणूच्या रक्ताचा थेंब

कुणी भुताखेताचं, करणीचं सांगायला लागलं की मी उठून जाणारा माणूस. केजला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे... काचेवर दिसतं तेवढंच खरं, हा माझा स्वभाव. म्हणूनच हे लिहायला जड जातंय.

मागच्या मोठ्या दुष्काळात आमच्याकडचा सहकारी साखर कारखाना बंद पडला आणि तिथं कामाला असलेला माझा थोरला भाऊ जनावरं घेऊन चारा छावणीत राहायला गेला. सोबत मंगलवहिनी आणि त्यांची तीन वर्षांची रेणू. छावणीत चारा म्हणून उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, यायचा. त्याच्या पात्यानं रेणूची पोटरी कापली. एवढीशी जखम — पण भरेचना. पू नाही, खपली नाही... नुसती काळी पडत वर सरकत होती.

औरंगाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, हिच्या पांढऱ्या पेशी हलतच नाहीत. पेशीच्या आत प्रथिनांच्या बारीक धाग्यांचा सांगाडा असतो. ते धागे पुढच्या अंगाला वाढतात, पेशीला ढकलतात, तेव्हा ती सरपटत जंतूंपर्यंत पोचते. रेणूचे धागे जन्मापासूनच नीट जुळत नव्हते. कुठलंच औषध लागू पडेना. मी माझं आणि तिचं रक्त मायक्रोस्कोपखाली पाहिलं. माझ्या पेशी चालत होत्या. तिच्या गोल, गपगार... "हल ना गं बाई," मी काचेला म्हणत होतो.

रेणू दुपारी गेली.

दहावा आटोपून लॅब उघडली. वहिनी सोबत होत्या. लेकीचं काही राहिलं असेल तर न्यायचं म्हणाल्या. लाइट नव्हती, फ्रिज बंद, आत नुसती भट्टी. रेणूच्या रक्ताची ट्यूब तशीच होती. ते रक्त केव्हाच नासायला हवं होतं. फेकवेना... आरशाचा, उन्हाच्या उजेडावर चालणारा जुना मायक्रोस्कोप खिडकीशी नेला आणि एक थेंब घेतला.

पेशी चालत होत्या. सगळ्या.

काच बदलली, नवा थेंब घेतला — तेच. ट्यूबवरचं नाव पुन्हा वाचलं. आमच्या लॅबच्या डॉक्टरांना बोलावलं. ते बराच वेळ बघत राहिले. "शक्य नाही," म्हणाले आणि खुर्चीत बसले.

"काय दिसलं, भावजी?" बाहेर बाकावर बसलेल्या वहिनी आत आल्या. मी जागा दिली. त्यांनी डोळा लावला.

"हे आमच्या रेणूचं हाय?"

"हो, वहिनी."

"चालतंय की हे..." त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "मग ती व्हती तवा कावून न्हाई चाललं?"

ऊन उतरता उतरता पेशी थांबल्या, त्या कायमच्याच. वहिनी अजूनही मधूनच तेच विचारतात. मी पुस्तकं धुंडाळली, मोठमोठ्या डॉक्टरांना विचारलं, अजूनही विचारतोच आहे.